उन्हाळ्याच्या रात्रीची कौटुंबिक धाव

ग्रीष्माचा दिवस सोसावयाचा असतो व रात्र उपभोगावयाची असते, हे नाशिककरांस कोणी शिकवावयास नको. दुपारी ओस पडलेले रस्ते दिवे लागताच पुन्हा गजबजू लागतात. गोदाकाठ, गंगापूर रस्ता, आणि ज्याला लोक अद्यापि गोल्फ क्लबचे मैदान म्हणतात ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, अशा ठिकाणी आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर हवा खावयास बाहेर पडते. या फिरण्यालाच थोडी गती दिली, अंतर ठरविले आणि शेजारची चार घरे सोबतीस घेतली, की तिची रात्रीची कौटुंबिक धाव होते. हा खेळ सोपा आहे, स्वस्त आहे व आनंदाचा आहे. परंतु त्यात ज्यांस सांभाळून न्यावयाचे, ती घरातील मुले व वृद्ध माणसे असतात. म्हणून त्यामागील शास्त्र थोडे समजून घेणे इष्ट होय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. रस्त्यावर मिळून धावणे ही केवळ परदेशी टूम आहे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः उन्हाळ्यातील रात्र व रस्ता यांचे नाते नाशिक जिल्ह्यास फार जुने आहे. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत वणीच्या सप्तशृंगी गडावर यात्रा भरते. धुळे, जळगाव, नंदुरबार या खानदेशी भागांतून हजारो माणसे पायी येतात. चैत्राचे ऊन डोक्यावर घेणे अशक्य, म्हणून कित्येक मेळे दुपार झाडाखाली काढतात आणि संध्याकाळनंतर व पहाटे वाट तुडवितात. त्यांत बायका असतात, मुले असतात, सासऱ्यासोबत चालणाऱ्या सुना असतात. पौर्णिमेच्या आदल्या मध्यरात्री दरेगावचे मानकरी गडाच्या शिखरावर ध्वज लावतात, तेव्हा खाली जमलेल्या समुदायातील पुष्कळांचे पाय अशा रात्रींच्या चालीने भेगाळलेले असतात. दिवस टाळून रात्र चालावी, ही युक्ती त्यांस कोणा वैद्याने सांगितलेली नाही. उन्हानेच ती शिकविली आहे.

केवळ चालणेच नव्हे, तर समूहाने धावणेही महाराष्ट्रास अपरिचित नाही. आषाढी वारीत वेळापूरच्या अलीकडे वारकऱ्यांचा ‘धावा’ होतो. तुकोबारायांस येथून पंढरीचे शिखर दिसले व ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्या स्मरणाने टाळ-पताका घेतलेले सारे वारकरी उतारावरून धावत निघतात. या धावेत पहिला कोण आला, याची नोंद कोणी ठेवीत नाही. तरुण धावतो, म्हातारा आपल्या परीने धावतो, आणि जो धावू शकत नाही तो झपझप चालतो. कौटुंबिक धावेचे खरे स्वरूप हेच असावयास पाहिजे.

इकडे नाशिकचे नाव शर्यतीच्या धावण्यातही गाजले आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी गावची कन्या कविता राऊत हिने इ. स. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक व त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्यपदक मिळविले, आणि २०१६ मध्ये रिओ येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये ती धावली. तिचे उदाहरण मुलांपुढे अवश्य ठेवावे. मात्र तिचा वेग ही प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील कित्येक वर्षांच्या तपश्चर्येची फलश्रुती आहे, हेही त्याच वेळी सांगावे. सुटीत एक रात्र हौसेने धावणाऱ्या कुटुंबाने त्या वेगाचा हव्यास धरू नये. जगातही हौशी लोकांची धाव आता रात्रीकडे वळत आहे. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री सामान्य नागरिकांसाठी दोन धावा झाल्या, एक पूर्ण मॅरेथॉनची व दुसरी दहा किलोमीटरांची. आणि प्रत्येकीत २०,०२४ जणांस प्रवेश ठेवला होता.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. सूर्य मावळला म्हणजे धोका मावळला काय? या प्रश्नाचे उत्तर दोन शर्यतींच्या तुलनेने स्पष्ट होते. १४ जुलै १९१२ रोजी स्टॉकहोम येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन भर उन्हात झाली. ६८ जण धावले. त्यांपैकी सुमारे निम्मेच शेवटपर्यंत पोहोचले. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगास मेणासारखा लेप लावला होता असे सांगतात. त्या लेपाने घामाची वाटच बुजली. यानंतर १०७ वर्षांनी, २७ सप्टेंबर २०१९ रोजी, कतारमधील दोहा येथे जागतिक स्पर्धेतील स्त्रियांची मॅरेथॉन झाली. उष्णता टाळण्यासाठी ती मुद्दाम रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू केली. योगायोग असा, की येथेही धावणाऱ्या ६८ च होत्या. त्यांपैकी २८ जणींस शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. मध्यरात्र असूनही तापमान ३० अंशांच्या वर होते आणि हवेतील दमटपणा ७० टक्क्यांहून अधिक होता. या सर्व जगातील निवडक धावपटू होत्या, ही गोष्ट विसरू नये.

मध्यरात्रीही असे का व्हावे? कारण धावणाऱ्यास तापविणारी भट्टी आकाशात नसून त्याच्याच शरीरात असते. स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा साधारण चौथा हिस्सा अंग पुढे नेण्यात कामी येतो. उरलेले तीन हिस्से उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. माणूस एक किलोमीटर धावला म्हणजे त्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलो वजनाचा मनुष्य पाच किलोमीटर धावला, तर तीनशे किलोकॅलरी खर्च झाल्या. त्यांतील सुमारे सव्वादोनशे निव्वळ उष्णता झाल्या. एवढ्या वजनाच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढण्यास सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता अंगातच कोंडून राहिली, तर ३७ अंशांचे शरीर साडेएकेचाळीस अंशांवर जाईल. चाळिसाच्या पुढे मेंदूचे काम बिघडू लागते. सूर्य असो वा नसो, हा हिशेब बदलत नाही.

अर्थात ही उष्णता कोंडून राहत नाही, कारण निसर्गाने शरीरास घामाची सोय दिली आहे. मात्र केवळ घाम येण्याने अंग निवत नाही. घाम वाळण्याने ते निवते. माठातील पाणी गार होते ते माठ पाझरतो व तो पाझर वाळतो म्हणून. माठास तेलकट रंग फासला तर तोच माठ निकामी होतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. पण हवा दमट असली, की घाम वाळत नाही. तो अंगावरून ओघळतो आणि मातीत पडतो. अशा वेळी शरीरातील पाणी जाते, परंतु उष्णता जात नाही. दोहाच्या मध्यरात्री हेच घडले. वाराही याच कारणाने उपयोगी पडतो, कारण अंगाभोवतीची ओली हवा तो दूर करतो.

या दृष्टीने नाशिकची रात्र भाग्याची आहे, पण सर्व काळ सारखी नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसलेले आहे. एप्रिल व मेच्या पूर्वार्धात हवा कोरडी असल्यामुळे दुपारी पारा चाळिसाच्या आसपास गेला, तरी पहाटे तो विशीच्या घरात उतरतो. मेअखेरीस, पाऊस जवळ येऊ लागला म्हणजे, दमटपणा वाढतो. पारा थोडा खाली असूनही जीव अधिक घाबरा होतो. तेव्हा पाऊस तोंडावर आलेल्या दिवसांपेक्षा चैत्र-वैशाखातील कोरडी रात्र धावेस बरी. शिवाय ‘रात्र’ म्हटली की सर्व प्रहर सारखेच, असेही नाही. डांबराचा व सिमेंटचा रस्ता दिवसभर उष्णता पितो आणि अंधार पडल्यावर कित्येक तास ती सोडीत राहतो. रात्री आठ-नऊ वाजता अनवाणी पाऊल ठेवले म्हणजे याची प्रचिती येते. दिवसाचे सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या किंचित आधी असते. म्हणून रात्रीच्या जेवणाआधी धावण्यापेक्षा पहाटे चारला उठून धावणे शरीरास अधिक सुखकर. मात्र मुलांची झोप मोडू नये म्हणून संध्याकाळच पसंत केली, तर दिवेलागणीनंतर दोन तास तरी जाऊ द्यावेत, आणि झाडांची व मातीच्या कडेची वाट निवडावी.

आता कुटुंबातील माणसांचा विचार करू. सर्वांची शरीरे सारख्या रीतीने उष्णता झेलीत नाहीत. लहान मुलास घाम कमी येतो, आणि त्याच वेगाने धावताना वजनाच्या मानाने त्याच्या अंगात उष्णता अधिक उत्पन्न होते; शिवाय खेळाच्या भरात तहान लागल्याचे त्यास भानच राहत नाही. वृद्ध माणसाची तहानच मंदावलेली असते. घाम उशिरा सुटतो. हृदयावर दुहेरी ओझे पडते, कारण त्यास स्नायूंकडेही रक्त पाठवावयाचे असते व थंड होण्यासाठी कातडीकडेही. रक्तदाबाच्या काही औषधांनी लघवी वाढून अंगातील पाणी घटते. अशी औषधे घेणाऱ्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणखी एक व्यक्ती आहे, जिचा विचार बहुधा कोणी करीत नाही. ती म्हणजे घरातील गृहिणी. धावून आल्यावर सर्वांस जेवावयास मिळावे म्हणून ती तासभर शेगडीपाशी उभी असते. पाणी पिण्यासही तिला सवड झालेली नसते. आणि मग पदर खोचून ती इतरांबरोबर धावावयास निघते. तिचे शरीर आरंभालाच तापलेले व सुकलेले असते. ती बोलून दाखवीत नाही, म्हणून तिला त्रास होत नाही असे समजणे ही मोठी चूक होय. धावेच्या रात्री स्वयंपाक दुपारीच उरकावा, अथवा त्या दिवशी पुरुषांनी भाकरी थापाव्यात. हा विनोद नसून आरोग्याचा नियम आहे.

यावरून या विषयातील सर्वांत महत्त्वाचा सिद्धांत निघतो: घरातील सर्वांत मंद माणसाचा वेग हाच सर्व घराचा वेग असला पाहिजे. हे केवळ सौजन्य नव्हे. हा उष्णतेचा हिशेब आहे. हवा, दमटपणा, रस्ता, वय यांपैकी काहीच धावणाऱ्याच्या हाती नसते. वेग तेवढा हाती असतो. साठ किलोच्या माणसाने एक किलोमीटर सहा मिनिटांत काढला, तर शरीरास दर मिनिटाला सुमारे साडेसात किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकावी लागते. तेच अंतर दहा मिनिटांत काढले, तर साडेचारच. चुलीतील लाकूड बाहेर ओढावे तशी ही युक्ती आहे. वेग बरोबर आहे की नाही हे ओळखण्यास यंत्र नको. धावता धावता दोन-चार वाक्ये सलग बोलता आली, तर वेग ठीक. एका शब्दालाच धाप लागली, तर तो अधिक आहे. मुलांनी गाणे म्हणत धावावे. गाणे तुटले की सर्वांनी चालू लागावे. दिंडीची रचना येथे अनुकरणीय आहे. सर्वांत हळू चालणारा पुढे ठेवावा, म्हणजे इतरांचे पाय आपोआप आवरतात. आणि एक जाणता माणूस सर्वांच्या शेवटी असावा, म्हणजे मागे कोणी राहत नाही.

पूर्वतयारीही थोडी हवी. उन्हाळ्यास शरीर एकदम सरावत नाही. त्यास दहा ते चौदा दिवस लागतात. त्या अवधीत रोज थोडे चालत-धावत गेल्यास घाम लवकर सुटू लागतो, घामातील मीठ कमी होते व नाडी शांत राहते. म्हणून वर्षभर पंख्याखाली बसून एका रात्री एकदम पाच किलोमीटर धावू नये. नवख्या कुटुंबास दोन-तीन किलोमीटर पुष्कळ झाले. भरपेट जेवण धावेपूर्वी निदान तीन तास आधी व्हावे. निघण्यापूर्वी एक पेला पाणी, वाटेत तहानेप्रमाणे घोट-घोट, आणि परतल्यावर कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील ही पेये पाणी, मीठ व थोडीबहुत साखर यांची भरपाई उत्तम करतात. मात्र भीतीपोटी तांबेच्या तांबे पाणी पिणेही हितावह नाही. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता, १३ टक्क्यांच्या रक्तातील मिठाचे प्रमाण धोक्याइतके उतरलेले आढळले. गरजेपेक्षा अधिक पाणी पिणे हे त्याचे मुख्य कारण होते. कपडे सैल, सुती वा घाम सोडणारे व फिकट रंगाचे असावेत.

फिकट रंगाचे आणखी एक कारण म्हणजे अंधार. मोटार हाकणाऱ्यास काळ्या कपड्यातील मूल दिसत नाही. अंगावर प्रकाश परतविणारी पट्टी व हाती विजेरी असावी. डोळ्यास अंधाराची सवय होण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, आणि समोरून येणाऱ्या मोटारीच्या एका झोताने ती क्षणात मोडते. अशा वेळी धावणे थांबवून उभे राहावे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने जातात, म्हणून जेथे पदपथ नसेल तेथे उजव्या कडेने, वाहनांकडे तोंड करून जावे. रात्री तापलेल्या रस्त्यांवर व गवताच्या कडेला सापही असतात; म्हणून बूट घालावेत व उजेडातच पाऊल टाकावे. पुष्कळ घरे मिळून धावणार असतील, तर पोलिसांस कळवून रहदारीची व्यवस्था करून घ्यावी. तसे शक्य नसेल, तर मैदानाच्या फेऱ्या बऱ्या. तेथे प्रत्येक फेरीस सर्व माणसे एकदा नजरेखालून जातात, हा मोठाच लाभ.

इतके करूनही संकट आले तर ते ओळखता आले पाहिजे. पोटऱ्यांत गोळे येणे, डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे ही पहिली सूचना होय. तेव्हाच थांबून सावकाश बसावे, पाणी घ्यावे व त्या रात्री पुन्हा धावू नये. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला, विनाकारण चिडला अथवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते. ‘घाम येतो आहे, म्हणजे काळजी नाही’ हा तर्क अनेकदा प्राणघातक ठरतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा. मान, काखा व जांघा येथे बर्फ ठेवावा. पाण्याचा मोठा हौद जवळ असल्यास माणसास धरून मानेपर्यंत त्यात बसवावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. आधी थंड करणे व मग हलविणे, हा क्रम पाठ असावा; कारण येथे मिनिटांवर जीव अवलंबून असतो.

हे सर्व ऐकून कोणी धास्ती घेऊ नये. ज्या रस्त्याने खानदेशची हजारो साधी माणसे दर चैत्रात देवीस जातात, तो रस्ता सावधपणे धावणाऱ्या कुटुंबास परका नाही. मात्र धावेआधी घरात एक करार व्हावा: कोणीही ‘थांबू या’ म्हटले, की कारण न विचारता सर्वांनी थांबावयाचे. मुलास पदकाची हौस असते, आजोबांस अजून जोम आहे हे दाखविण्याची असते, आणि गृहिणीस आपल्यामुळे इतरांचा रसभंग होऊ नये असे वाटते. या तिन्ही भावना गोड आहेत, पण उन्हाळ्याच्या रात्री त्या त्रास लपवावयास लावतात. थांबण्याचा शब्द उच्चारण्यास कोणास लाज वाटू नये, एवढे वडीलधाऱ्यांनी पाहिले, तरी अर्धे संकट टळेल.

स्टॉकहोमच्या त्याच १९१२ च्या शर्यतीत शिझो कानाकुरी नावाचा एक जपानी तरुण होता. उन्हाने ग्लानी येऊन तो वाटेतच थांबला. एका घरच्या माणसांनी त्यास आसरा दिला, आणि तो कोणास न कळविता स्वदेशी निघून गेला. १९६७ मध्ये स्वीडनने त्यास सन्मानाने बोलावून राहिलेली शर्यत पूर्ण करविली. त्याची वेळ नोंदविली गेली ती ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस व काही तास अशी. मधल्या काळात त्याचा संसार झाला, मुले झाली, नातवंडे झाली. लाझारो थांबला नाही, कानाकुरी थांबला. नाशिकच्या रस्त्यावर आजोबा दोन किलोमीटरांनंतर कठड्यावर टेकले व नातवाने त्यांच्या शेजारी बसून ताकाचा पेला पुढे केला, तर ती धाव अपुरी राहिली असे कोणी म्हणू नये. उरलेले अंतर पुढल्या उन्हाळ्यातही धावता येते.